समुद्रतळाची ठिपक्यांची रांगोळी

मैत्रिणींनो, शाळेत भूगोलाच्या तासाला नकाशा भरायचा असला की समुद्राचं आपण काय करायचो? सगळीकडे सारखी निळी पेन्सिल फिरवून मोकळ्या! जमिनीवर डोंगर, नद्या, रेल्वे, कापूस कुठे नि ऊस कुठे, सगळं दाखवायचं आणि पृथ्वीचा जवळजवळ पाऊण भाग मात्र एका रंगात उरकायचा. साधारण १९५० सालापर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांचंही याहून फार वेगळं नव्हतं. समुद्राचा तळ म्हणजे गाळाने भरलेलं मोठं सपाट मैदान, मध्ये कुठेतरी उंचवटे, एवढीच बहुतेकांची समजूत. ही समजूत एका बाईने मोडली. तीही समुद्रावर न जाता, खोलीत बसून, पेन, शाई आणि आकड्यांच्या याद्या घेऊन. तिचं नाव मेरी थार्प. तिला जाऊनही आता बराच काळ लोटला, पण समुद्रतळाचा कोणताही नकाशा उघडला तरी पायाशी तिचं काम असतंच.

मेरीचा जन्म ३० जुलै १९२० चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावचा. आई-वडिलांची ती एकुलती एक. आई जर्मन आणि लॅटिन शिकवायची. वडील सरकारच्या शेती खात्यात मातीची पाहणी करून नकाशे बनवायचे. म्हणजे आपल्याकडच्या बदलीच्या नोकरीसारखंच, फक्त बदली वर्षातून दोन-दोनदा! हिवाळ्यात दक्षिणेकडे आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे. पोरीच्या शाळा किती बदलल्या असतील याची कल्पनाच करा, बारावीपर्यंत डझनाहून जास्त झाल्या. एक मैत्रीण जोडावी तोवर सामान बांधायची वेळ. पण वडिलांबरोबर शेताशेतातून हिंडताना जमिनीवरची गोष्ट कागदावर कशी उतरते, हे तिने लहानपणीच पाहिलं. ती पंधरा वर्षांची असताना आई गेली. वडिलांनी तिला एकच सांगून ठेवलं होतं, की आयुष्यभराचं काम निवडशील तेव्हा जे जमतं ते निवड, आणि मुख्य म्हणजे जे आवडतं ते निवड.

आता आवडतं ते निवडायचं तर मुलींसमोर ताटात होतं काय? शिक्षिका, नर्स नाहीतर टायपिस्ट. मेरीला टायपिंग येत नव्हतं आणि रक्त बघवत नव्हतं. मग ओहायो विद्यापीठात तिने विषय बदलत बदलत शिक्षण केलं आणि १९४३ मध्ये पदवी घेतली, ती इंग्रजी आणि संगीत या विषयांत. मी स्वतः बी. ए. झालेली असल्यामुळे मला याचं भारी अप्रूप वाटतं! आर्ट्सला गेलेल्या मुलीला आपल्याकडे अजूनही नातेवाईक विचारतात, की पुढे करणार काय.

पुढे जे झालं त्याला महायुद्ध कारण. मुलं लढायला गेली आणि कॉलेजचे वर्ग रिकामे पडले. मिशिगन विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाने पहिल्यांदाच मुलींना दार उघडलं, कारण तेल कंपन्यांना माणसं हवी होती. मेरी त्या दारातून आत गेली आणि १९४४ मध्ये एम. एस. झाली. नोकरी लागली ओक्लाहोमातल्या टल्सा गावी, एका तेल कंपनीत. तिथे बायकांनी ऑफिसात बसून नकाशे आणि कागद लावायचे, खडक बघायला जायचं पुरुषांनी. ही बाई स्वस्थ बसणारी नव्हती. नोकरी करता करता तिने गणिताची पदवीही घेतली. म्हणजे साहित्य, संगीत, भूगर्भशास्त्र आणि गणित, असा चौरस आहार झाला म्हणायचा. पुढे नकाशा काढताना यातलं एकही वाया गेलं नाही.

१९४८ मध्ये लग्न करून ती न्यूयॉर्कला आली. लग्न टिकलं नाही, १९५२ मध्ये घटस्फोट झाला, आणि त्याबद्दल तिने फारसं कधी लिहिलं नाही, म्हणून मीही तिथे रेंगाळत नाही. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात मॉरिस यूइंग नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. ते समुद्राचा अभ्यास करत. एवढं शिकलेल्या बाईचं करायचं काय, हे त्यांना उमगेना. शेवटी नकाशे रेखाटता येतात का, एवढं विचारून त्यांनी तिला कामावर घेतलं. यूइंग यांनी १९४९ मध्ये लॅमॉन्ट ही वेधशाळा सुरू केली, तिथे तीही गेली. तिथेच ब्रूस हेझन भेटला. तिच्याहून चार वर्षांनी लहान, उत्साही, दर वर्षी जहाजावर जाणारा. हळूहळू मेरी फक्त त्याच्याच कामावर लागली आणि ही जोडी पंचवीस वर्षांच्या वर टिकली.

कामाची वाटणी सरळ होती. ब्रूस जहाजावर, मेरी टेबलावर. बायकांना त्या संशोधन जहाजांवर चढायलाच परवानगी नव्हती. जहाज फिरायचं आणि तळाची खोली मोजत राहायचं. खोली मोजायची रीत ऐकण्यासारखी आहे. पूर्वी दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडत, आपण विहिरीत बादली सोडतो तसंच. तीन-चार किलोमीटर खोल समुद्रात एकदा मोजायला तासन् तास जात. नंतर आवाजाचं यंत्र आलं. जहाजातून आवाज खाली सोडायचा, तो तळावर आपटून परत येतो, त्याला लागलेला वेळ मोजायचा. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. समजा जायला-यायला मिळून ५ सेकंद लागले, तर एकूण प्रवास ७,५०० मीटर, आणि खोली त्याच्या निम्मी, म्हणजे ३,७५० मीटर. असं रात्रंदिवस चालायचं आणि कागदाच्या लांबच लांब गुंडाळ्या भरत जायच्या.

मेरीच्या टेबलावर येऊन पडायचं ते हे. प्रत्येक मोजमापाचा अर्थ मुळात तीन आकड्यांचा. पूर्व-पश्चिम कुठे, म्हणजे रेखांश. उत्तर-दक्षिण कुठे, म्हणजे अक्षांश. आणि तिथे पाणी किती खोल. तीन रकाने, खाली हजारो ओळी. किराणा मालाच्या वहीसारखी ही यादी डोळ्यांसमोर धरली तर काही म्हणता काही दिसत नाही. तिच्यातून डोंगर उभा करायचा कसा?

इथे मला आपली ठिपक्यांची रांगोळी आठवते. आधी अंगणात आडवे-उभे सारख्या अंतरावर ठिपके घालून घ्यायचे. तसंच समुद्राच्या कागदावर आडव्या-उभ्या समान रेषांची जाळी आखायची. जिथे दोन रेषा छेदतात तो एक ठिपका, आणि त्या प्रत्येक ठिपक्याला एक खोली हवी. सगळ्या ठिपक्यांना खोली मिळाली की शेजारचे ठिपके जोडायचे. मग सपाट कागदावर उंचसखल चादर पसरल्यासारखा तळ दिसायला लागतो. रांगोळीत आणि यात फरक एवढाच, की जहाज काही आपल्या ठिपक्यांवरून जात नाही. ते आपल्या वाटेने जातं. त्याची मोजमापं वाटेवर मुंग्यांच्या रांगेसारखी दाट, आणि दोन वाटांच्या मध्ये शेकडो किलोमीटर कोरडं, काहीच नाही.

मग ज्या ठिपक्यावर मोजमाप नाही तिथे काय लिहायचं? शेजाऱ्यांना विचारायचं! पण जवळच्या शेजाऱ्याचं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी. समजा ठिपक्यापासून २ किलोमीटरवर खोली ३,००० मीटर आहे आणि ४ किलोमीटरवर ३,४०० मीटर. पहिला दुप्पट जवळ, म्हणून त्याला दुप्पट वजन. ३,००० दोनदा आणि ३,४०० एकदा, बेरजेला तीनने भागा, उत्तर येतं सुमारे ३,१३३ मीटर. आज कॉम्प्युटर असे लाखो ठिपके काही क्षणांत भरतो. वजन द्यायच्या रीती अनेक आहेत, काही याहून खूप चतुर, पण मुळाशी शेजाऱ्यांचं ऐकणं हेच.

हे मला एरवी कळलं नसतं. आमच्या महिला मंडळाने पाणीटंचाईच्या एका वर्षी आजूबाजूच्या वाड्यांमधल्या विहिरींची पाहणी केली होती. प्रत्येक विहीर देवळापासून पूर्वेला किती, उत्तरेला किती आणि पाणी किती परस खाली, अशी तीन रकान्यांची वही झाली. एका ताईंचा मुलगा कॉम्प्युटर शिकत होता, त्याने ती एक्सेलमध्ये घातली. गंमत अशी, की ते तीन रकाने तसेच देऊन उंचसखल चित्र काढायला सांगितलं, तर कॉम्प्युटर तीन रकान्यांचे तीन पट्टे काढतो. त्याला कळतच नाही की पहिले दोन म्हणजे जागा आणि तिसरा म्हणजे खोली. त्याला टेबल करून द्यावं लागतं. वरच्या ओळीत पूर्वेकडची अंतरं, डाव्या रकान्यात उत्तरेकडची अंतरं, आणि मधल्या प्रत्येक घरात त्या जागेची खोली. खोलीच्या मागे उणे चिन्ह लावायचं, नाहीतर विहिरीचे डोंगर होतात! आणि रिकामं घर रिकामंच सोडलं तर काही वेळा ते शून्य धरलं जातं. शून्य म्हणजे पाणी थेट जमिनीवर. सगळी कोरडी वाडी आणि मध्येच एक दिमाखदार कारंजं. समुद्राच्या बाबतीत तर शून्य म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग, म्हणजे तीन किलोमीटर खोल तळातून टाचणीसारखा सुळका वर आला म्हणून समजा. ते चित्र नीट झाल्यावर मात्र आमच्या सरपंचबाईंनाही एका नजरेत कळलं, की टँकर आधी कुठे जायला हवा. वही चार महिने पडून होती, चित्र त्यांनी लगेच भिंतीवर लावलं.

तर मेरीबाईंकडे कॉम्प्युटर नव्हता. होती ती पट्टी, पेन, शाई, मोठ्या टेबलावर एकमेकांना चिकटवलेले लांब कागद, आणि डोकं. तिने आधी पूर्ण जाळी न भरता एक-एक वाट हातात घेतली. उत्तर अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या सहा वाटा तिला नीट मिळाल्या, साधारण एकमेकींना समांतर, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत. प्रत्येक वाटेचा तिने उभा छेद काढला, म्हणजे केक कापल्यावर बाजूने दिसतो तसा. उंची मुद्दाम अनेक पटींनी ताणून काढली. समुद्र हजारो किलोमीटर रुंद आणि डोंगर दोन-तीन किलोमीटर उंच, खऱ्या प्रमाणात काढलं तर कागदावर फक्त सरळ रेघ दिसली असती. सहाही छेद एकाखाली एक लावले तेव्हा समुद्राच्या बरोबर मध्यावर डोंगररांग दिसली. तिथे उंचवटा आहे हे आधीपासून माहीत होतं, त्यात नवल नव्हतं.

नवल पुढेच होतं. डोंगराची शिखरं एका छेदातली दुसऱ्याशी जुळत नव्हती, जो तो आपल्या आकाराचा. पण माथ्यावर, नेमकी मधोमध, एक खोल खाच होती. इंग्रजी व्ही अक्षरासारखी. वरच्या तीन छेदांत तर ती इतकी स्पष्ट होती, की एकाखाली एक ठेवल्यावर सरळ रेषेत आली. प्रत्येक वाटेवर एकेकटी पाहिली असती तर कोणी म्हटलं असतं, यंत्राचा दोष असेल. सहा वाटा शेजारी ठेवल्या म्हणून ती दरी म्हणून दिसली. डोंगराच्या माथ्यावरून लांबच लांब जाणारी, भांग पाडल्यासारखी दरी!

अशी दरी असण्याचा अर्थ मेरीला लगेच कळला. तिथे पृथ्वीची साल फाटते आहे, दोन बाजू एकमेकींपासून लांब जात आहेत. आल्फ्रेड वेगेनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्येच मांडलं होतं, की सगळे खंड एकेकाळी एकत्र होते आणि नंतर सरकत लांब गेले. पण खंड सरकतात म्हणणं हे त्या काळात अमेरिकेत वेडेपणाचं लक्षण समजत. तसं म्हणणाऱ्याची नोकरी धोक्यात यायची. मेरीने दरी दाखवली तेव्हा ब्रूसने कपाळाला हात लावला आणि हे सगळं बायकी बडबडीतलं आहे म्हणून उडवून लावलं. हे शब्द त्याच्या तोंडचे म्हणून तिनेच पुढे नोंदवून ठेवलेत. साल १९५२.

मैत्रिणींनो, या जागी मी क्षणभर थांबते. आपल्यापैकी किती जणींनी घरात, ग्रामसभेत, बँकेत अशी वाक्यं ऐकली आहेत! त्यावर आपण काय करतो? कोणी रडतं, कोणी भांडतं, कोणी गप्प बसतं. मेरीने काय केलं? ती पुन्हा टेबलाशी जाऊन बसली आणि आणखी वाटांचे छेद काढू लागली. मला यात मोठं शहाणपण दिसतं. अर्थात हेही खरं, की तिच्याकडे टेबल होतं, आकडे होते आणि पगार चालू होता. प्रत्येकीकडे ते नसतं.

जवळजवळ वर्षभर ब्रूस बधला नाही. मग योग असा आला, की शेजारच्या टेबलावर भूकंपांचं काम निघालं. समुद्राखालून टेलिफोनच्या तारा घालायच्या होत्या, त्या कुठे तुटतील हे बेल कंपनीला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी ब्रूसने हॉवर्ड फॉस्टर नावाच्या एका तरुणाला बसवलं. कला शाळेत शिकलेला हा मुलगा, त्याला ऐकू येत नसे. त्याच्याकडेही यादीच होती, हजारो भूकंपांची, कुठे झाला त्याचे अक्षांश आणि रेखांश. तो कागदावर एकेक ठिपका देत होता. दोघांचे नकाशे एकाच मापाचे करायला ब्रूसने सांगितलं होतं. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर एक नकाशा दुसऱ्यावर ठेवला, तेव्हा भूकंपांचे ठिपके मेरीच्या दरीवर जाऊन बसले. एका रांगेत, ओळीने. एक यादी आवाजाने मोजलेली, दुसरी जमिनीच्या हादऱ्यांवरून आलेली. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता आणि तरी दोघी एकच गोष्ट सांगत होत्या.

आता ब्रूसला मान्य करावंच लागलं. आणि भूकंपांच्या ठिपक्यांनी आणखी एक दार उघडलं. जिथे जहाज कधी गेलंच नव्हतं तिथेही भूकंपांच्या ओळी होत्या. त्या ओळी धरून गेलं तर दरी कुठे असेल याचा अंदाज बांधता येत होता. तशी ही डोंगररांग अटलांटिकमधून खाली उतरली, आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात शिरली, पुढे पॅसिफिकमध्ये गेली. आज आपल्याला माहीत आहे, की ही रांग सुमारे ६५,००० किलोमीटर लांब आहे. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर. तिची एक फांदी आपल्या अरबी समुद्रातून जाते, तिला कार्ल्सबर्ग रांग म्हणतात. ती एडनच्या आखाताकडे वळते, तिथून तांबड्या समुद्रात आणि पूर्व आफ्रिकेच्या जमिनीवरच्या मोठ्या दरीत तिचा धागा लागतो. पाण्याखालची दरी आणि केनियातली दरी एकाच घराण्यातल्या, हे मेरीने त्यांचे छेद शेजारी ठेवून पाहिलं होतं.

१९५६ मध्ये ही दरी जगाला सांगितली गेली. सांगणारे यूइंग आणि हेझन. मेरीचं नाव त्यात नव्हतं. पुढच्या काही वर्षांत या विषयावर जे मोठे लेख आले, त्यातही बरेचदा नव्हतं. तिने मात्र म्हातारपणी सांगितलं, की पाठीमागे काम करण्यात तिला मजा येत होती आणि एवढा मोठा कोरा कागद भरायला मिळणं हेच भाग्य होतं. ती खरंच तसं मानत असेल. मला मात्र ते वाचून थोडं टोचतं.

लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. प्रसिद्ध फ्रेंच दर्यावर्दी झाक कूस्तो यांना तर ही दरी खोटी वाटायची. त्यांनी मेरीचा नकाशा आपल्या कॅलिप्सो जहाजावर टांगला आणि खोटं पाडायच्या इराद्याने पाण्याखाली कॅमेरा ओढत अटलांटिक ओलांडला. कॅमेऱ्यात काळे कडे आले, दरीच्या दोन्ही बाजू आल्या. १९५९ मध्ये न्यूयॉर्कला समुद्रशास्त्राची मोठी परिषद भरली, तिथे त्यांनी ती फिल्म सगळ्यांसमोर दाखवली. विरोधक म्हणून निघालेला माणूस साक्षीदार होऊन परतला.

आता नकाशाकडे येऊ, कारण मेरीचं खरं कसब तिथे आहे. तळ दाखवायची नेहमीची पद्धत म्हणजे समान खोलीच्या रेषा. पण ते शीतयुद्धाचे दिवस. पाणबुड्यांच्या भीतीने अमेरिकेच्या नौदलाने खोलीचे नेमके नकाशे गुप्त ठरवले होते. तेव्हा या दोघांनी वेगळी युक्ती काढली. विमानातून खाली पाहावं तसा तळ हाताने रेखाटायचा, उतार, कडे, शिखरं सगळं छायेसकट. आकडे सांगायचे नाहीत, पण रूप दाखवायचं. बंदी आली म्हणून जे चित्र झालं ते रेषांच्या नकाशापेक्षा सामान्य माणसाला जास्त कळणारं झालं! पहिला उत्तर अटलांटिकचा नकाशा १९५७ मध्ये आला.

आणि रिकाम्या जागा? शेजाऱ्यांचं ऐकण्याची रीत तिथे पुरत नाही. दोन वाटांमध्ये तीनशे किलोमीटरचं अंतर असेल तर आंधळी सरासरी काढून तिथे गुळगुळीत उतारच मिळणार, दरी बुजून जाणार. आजच्या कॉम्प्युटरचीही हीच अडचण आहे. मोजमाप दाट असेल तिथे खडबडीत तळ, विरळ असेल तिथे इस्त्री केल्यासारखा, आणि बघणाऱ्याला वाटतं तळच तसा आहे. कधीकधी एकट्या मोजमापाभोवती बैलाच्या डोळ्यासारखी गोल वलयं उठतात. मेरी आकड्यांच्या जोडीला खडकांचं ज्ञान वापरायची. इथे रांग आहे, तिथेही आहे, तर मध्ये ती तुटायचं कारण काय? भूकंप काय म्हणतात? मग ती मधला भाग रेखाटायची. हे धाडसाचं काम होतं आणि काही ठिकाणी पुढे दुरुस्त्या कराव्या लागल्या. जिथे अजिबात काहीच माहीत नव्हतं तिथे तिने नकाशाची माहितीची मोठी चौकट ठेवली. अशा कोऱ्या जागी जलपऱ्या आणि बुडालेली जहाजं काढावीत असंही तिच्या मनात होतं, जुन्या नकाशांवर असायची तशी. ब्रूसने काढू दिली नाहीत. मला वाटतं, काढू द्यायला हवी होती.

१९६१ मध्ये दक्षिण अटलांटिक, १९६४ मध्ये हिंदी महासागर झाला. हिंदी महासागराचं आपल्याशी थेट नातं आहे. त्या दशकात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची मोठी मोहीम केली, आपणही तिच्यात होतो आणि तिच्यातूनच १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. १९६७ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने हिंदी महासागराच्या तळाचं रंगीत चित्र छापलं. मेरी-ब्रूसच्या नकाशावरून ते रंगवलं ऑस्ट्रियाच्या हाइनरिख बेरान यांनी. ते घराघरांत, शाळाशाळांत गेलं.

तोवर १९६२ मध्ये हॅरी हेस या शास्त्रज्ञाने मांडलं होतं, की दरीतून नवा तळ वर येतो आणि दोन्हीकडे सरकतो. यातून आजचा भूपट्टांचा सिद्धांत आला. भारत आशियाला येऊन धडकला आणि हिमालय उभा राहिला, हे आपली मुलं आज शाळेत शिकतात ना, ते त्याच सिद्धांतातून. गंमत म्हणजे ब्रूसचा स्वतःचा कल बराच काळ पृथ्वी फुगते आहे या कल्पनेकडे होता. दरी ज्यांनी शोधली त्यांच्यातल्याच एकाला तिचा बरोबर अर्थ लागला नाही.

संस्थेत दरम्यान धुसफूस वाढली. यूइंगसाहेब आणि ब्रूस यांचं बिनसलं. ब्रूसची प्राध्यापकाची जागा कायम होती, त्याला हात लावता येईना. मग राग निघाला मेरीवर, साठच्या दशकाच्या अखेरीला तिची नोकरी गेली. दोन म्हशींच्या झुंजीत झाडाचा काळ! ब्रूसने नौदलाच्या संशोधन निधीतून तिच्या पगाराची सोय केली आणि मेरी साउथ नायॅक गावच्या आपल्या घरात नकाशे काढू लागली. घर म्हणजे ऑफिस, जेवणाच्या टेबलाशेजारी महासागर. त्याच दशकाच्या उत्तरार्धात तिला एकदाचं जहाजावर जायला मिळालं. वयाची पंचेचाळिशी उलटली होती.

शेवटचं मोठं काम म्हणजे संपूर्ण जगाच्या महासागरांचा एकच नकाशा. नौदलाचा पैसा, बेरान यांचे रंग आणि या दोघांचं पाव शतकाचं काम. १९७७ मध्ये तो अखेरच्या टप्प्यात होता. जूनमध्ये ब्रूस एका छोट्या संशोधन पाणबुडीतून आइसलँडजवळची तीच रांग पाहायला खाली उतरला आणि पाणबुडीतच हृदयविकाराने गेला. त्रेपन्न वर्षांचा होता. मेरी तेव्हा त्याच भागात डिस्कव्हरी नावाच्या जहाजावर होती. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. लोक काय नातं लावायचं ते लावत. मला विचाराल तर ज्या माणसाशी रोज भांडून शेवटी एकत्र नकाशा निघतो, त्या नात्याला नाव शोधत बसू नये.

नकाशा मेरीने पूर्ण करवून घेतला. १९८३ मध्ये ती निवृत्त झाली आणि घरूनच नकाशे विकण्याचा छोटासा व्यवसाय करू लागली. कागदपत्रांचे आणि नकाशांचे ढीग तिने १९९५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाला दिले. १९९७ मध्ये त्याच ग्रंथालयाने तिची विसाव्या शतकातल्या चार थोर नकाशाकारांत गणना केली. १९९९ मध्ये वुड्स होल संस्थेचा आणि २००१ मध्ये लॅमॉन्टचा, म्हणजे ज्या ठिकाणाहून तिला बाहेर काढलं होतं तिथलाच सन्मान मिळाला. २३ ऑगस्ट २००६ रोजी नायॅकमध्ये कर्करोगाने ती गेली. वय ८६.

२०१५ मध्ये चंद्रावरच्या एका विवराला तिचं नाव दिलं गेलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने आपल्या एका सर्वेक्षण जहाजाचं जुनं नाव बदलून त्याला मेरी थार्प हे नाव दिलं. समुद्राचा तळ मोजायचं काम ते जहाज करतं. काम अजून पुष्कळ शिल्लक आहे. २०३० पर्यंत सगळा तळ नीट मोजायचा असा संकल्प २०१७ मध्ये झाला, आणि २०२५ पर्यंत झाला आहे तो चौथ्या हिश्श्याच्या थोडाच वर. बाकीच्या ठिपक्यांना अजून शेजाऱ्यांवरच भागवावं लागतंय.